फाटकाची तार

इतकी वर्षं लोटली, तरी त्या फाटकावरची सकाळ मनातून जात नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, रुळांवर सापडलेली बेवारस प्रेतं तर किती उचलली त्याला हिशेब नाही. त्यातलं बरंचसं आता पुसट झालं आहे. ही केस मात्र पुसट झालेली नाही. खरं तर ती कागदोपत्री यशस्वी केस. गुन्हा उघडकीला आला, आरोपी सापडला, मुद्देमाल मिळाला, वरिष्ठांनी पाठ थोपटली. सावेडीत माझ्या घरी कधी तरुण अधिकारी येतात आणि एखादी गाजलेली केस सांगा म्हणतात. तेव्हा मी दुसरंच काहीतरी सांगतो.

बहात्तरच्या दुष्काळाचे ते दिवस. मी रेल्वे पोलिसांत फौजदार होतो आणि नगर स्टेशनवरची चौकी माझ्याकडे होती. दौंड-मनमाड ही तेव्हा एकेरी लाईन, कोळशाची इंजिनं. आमचं रोजचं काम म्हणजे पाकीटमारी, फलाटावरची भांडणं आणि वॅगनमधून होणाऱ्या चोऱ्या. दुष्काळ पडला तसं कामाचं स्वरूप बदललं. ज्यांनी उभ्या आयुष्यात पोलीस चौकीची पायरी चढली नव्हती, अशी माणसं धान्याच्या पोत्याला भोक पाडताना सापडू लागली. त्यांना आत टाकायचं की सोडायचं, हे रोज ठरवावं लागे.

रेल्वेची राखण कोण करतं, असं लोक मला विचारतात. उत्तर सोपं नाही. रेल्वेच्या हद्दीतला गुन्हा आमच्याकडे, म्हणजे राज्याच्या पोलिसांकडे. रेल्वेच्या मालाची राखण केंद्राच्या सुरक्षा दलाकडे. रुळांना लागून गाव असेल, तर गावातला आरोपी पकडायला तालुक्याच्या ठाण्याची मदत घ्यायची. आणि मोठा अपघात झाला, माणसं मेली, तर चौकशीला येणार रेल्वे सुरक्षा आयुक्त. हे आयुक्त मुद्दाम रेल्वेच्या मंत्रालयाखाली ठेवलेले नाहीत, विमान वाहतुकीच्या खात्याखाली आहेत. रेल्वेनं आपल्याच चुकीचा निवाडा आपणच करू नये, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगलाच आहे. प्रत्येकाचं काम ठरलेलं होतं आणि बहुतेकजण आपलं काम करत होते. तरीही त्या सकाळी जे झालं ते झालं.

राहुरीच्या पुढे, कोल्हारकडून येणारा एक रस्ता रुळांना छेदून जात असे. तिथं फाटक होतं, फाटकवाल्याची खोली होती आणि खोलीत जवळच्या स्टेशनशी जोडलेला फोन. गाडी निघाली की स्टेशनातून फोन यायचा, मग फाटकवाला फाटक लावायचा. दुष्काळी कामावर खडी फोडायला जाणाऱ्या बायकांचा ट्रक रोज सकाळी तिथून जाई. त्या दिवशीही तो आला. सोसाट्याचा वारा सुटला होता आणि उघड्या पडलेल्या रानांतून धुळीचे लोट उठत होते. त्याच सुमारास वेळापत्रकाबाहेरची, धान्य भरलेली मालगाडी मनमाडकडून येऊन त्या स्टेशनातून सुटली होती. फाटक उघडं होतं. ट्रक रुळांवर आला आणि गाडी त्याला रेटत कितीतरी लांब घेऊन गेली.

मी रुळांवरच्या ट्रॉलीनं तिथं पोचलो तेव्हा आसपासच्या वस्त्यांवरची माणसं जमली होती. भाकरीची फडकी, हातोड्या, चपला रुळांच्या दोन्ही बाजूंना विखुरल्या होत्या. बायकांना ओळीनं ठेवून वर पोती पांघरली होती. आमचे जमादार माझ्यापेक्षा वयानं बरेच मोठे, लष्करातून आलेले. त्यांनीसुद्धा दोन पोती उचलली आणि बाजूला जाऊन उभे राहिले.

पंचनामा करायचा म्हणजे प्रत्येक मयताची ओळख पटवायची. एका पोत्याजवळ तिशी-पस्तिशीचा एक माणूस उकिडवा बसला होता. उंच, काटक, दोन्ही तळहातांवर वार्निशचे डाग.

"तुमची कोण?" मी विचारलं.

"मालकीन."

त्यानं तिचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. आवाज अगदी स्थिर होता. मग एकदम माझा हात धरून म्हणाला, "सायेब, फाटकवाल्याला सोडू नका. झोपला हुता त्यो. त्याला फाशी द्या."

फाटकवाल्याला लोकांनी आधीच बेदम मारलं होतं. स्टेशनच्या माणसांनी त्याला सोडवून नगरच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं नसतं, तर तिथं आणखी एक प्रेत पडलं असतं. खोलीची दारं मोडली होती, फोनचं खोकं फोडून बाहेर फेकलं होतं. त्याचं कुटुंब धर्मांतर केलेल्यांपैकी. मारताना त्याच्या जातीचा उद्धार झाला होता, हेही मला साक्षीदारांनीच सांगितलं. सांगताना त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. मारणाऱ्यांत पुढे कोण होता हे मी विचारलं, तेव्हा सगळ्यांनी त्या वार्निशच्या हातांच्या माणसाकडे पाहिलं. नाव मात्र कुणी घेतलं नाही.

दवाखान्यात मी फाटकवाल्याचा जबाब घेतला. उजवा हात मोडलेला, तोंड सुजलेलं. त्यानं एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगितली.

"फोन मेला हुता, सायेब. सकाळपासनं दांडा फिरवत हुतो. पलीकडं काईच न्हाई."

त्या जवळच्या स्टेशनवरचे मास्तर याच्या नेमकं उलट सांगत होते. फोन चालू होता, गाडी सोडताना आपण निरोप दिला, फाटकवाल्यानं तो घेतला, असं त्यांचं म्हणणं. आता फोनचं खोकं तर लोकांनी फोडलेलं. खांबांवरची तार म्हणाल, तर वाहतूक सुरू करण्याच्या घाईत दुरुस्तीच्या लोकांनी जिथं जिथं तुटलेली दिसली तिथं नवी जोडून दिली होती. ती लोकांनी दंग्यात तोडली की आधीच तुटली होती, हे त्यांनाही सांगता येईना. म्हणजे एकाचा शब्द दुसऱ्याच्या शब्दाविरुद्ध. एक पांढऱ्या कपड्यातला, टाय लावलेला. दुसरा झोपला होता असं सगळा तालुका म्हणत होता.

मला मास्तरांचं बोलणं खटकत होतं. खरं सांगणारा माणूस सहसा एखादा तपशील विसरतो, मागे जातो, दुरुस्त करतो. मास्तर दर वेळी तेच, त्याच क्रमानं सांगत होते. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. फोन खरंच बंद होता हे सिद्ध करायचं, तर तार आधी तोडली गेली हे सिद्ध करायला हवं होतं. आणि त्यासाठी तोडणारा हवा होता.

त्या दिवसांत तांब्याच्या तारेची चोरी सर्रास चाले. चोरणारा माल नगरात किंवा बेलापूरला विकायला जात नाही, हे मला ठाऊक होतं. रेल्वेचा माल रेल्वेच्या गावात कुणी विकत नाही. तो रूळ नसलेल्या गावी जातो. म्हणून मी संगमनेरच्या बाजूला माणसं पेरली. तिथल्या बाजारात मोडीच्या, म्हणजे भंगाराच्या, दुकानांशेजारी चहाची गाडी चालवणारा एकजण आमच्या जमादारांच्या ओळखीचा होता. त्यानं खबर दिली. सायकलवरून एक मोटार-वाइंडिंगवाला, विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणारा, तार घेऊन आला होता. जळक्या मोटारींतली तार तो नेहमीच आणायचा, म्हणून दुकानदारानं काही विचारलं नाही. पण चहावाल्याला एक गोष्ट खटकली होती.

"मोटारीत एवढी जाड तार नसती, जमादार," तो म्हणाला. "आन् हिला वार्निश बी नव्हतं. उघडी हुती."

दुकानावर आम्ही पंच घेऊन गेलो. बरीचशी तार वितळवून झाली होती, एक भेंडोळं शिल्लक होतं. ते जप्त केलं. दुकानदारानं विकणाऱ्याचं वर्णन सांगितलं. उंच, काटक, हातांवर डाग. जमादार माझ्याकडे पाहत राहिले.

त्याला घरून उचललं तेव्हा त्यानं कसलाच विरोध केला नाही. चौकीत आणलेला माणूस आधी दाराकडे पाहतो, मग शिपायाच्या हातांकडे. हा कशाकडेच पाहत नव्हता. चौकशीची सगळी तयारी मी करून ठेवली होती. भेंडोळं समोर ठेवायचं, दुकानदाराला उभा करायचा, एकेक धागा आवळत न्यायचा. त्यातलं काहीच लागलं नाही.

"ही तार तू विकलीस?" मी विचारलं. पंचनाम्याच्या वेळी मी त्याला तुम्ही म्हटलं होतं, हे त्या क्षणी मला जाणवलं.

"व्हय."

"कुठली?"

"रेल्वेची. खांबावरची. लिवून घ्या."

"का तोडलीस?"

तो सांगू लागला. पंचक्रोशीतल्या विहिरींवरच्या मोटारी तो भरून द्यायचा. विहिरी आटल्या, मोटारी बंद पडून राहिल्या. बंद मोटार जळत नाही, आणि जळत नाही म्हणजे याला काम नाही. बायको खडीवर जायला लागली. "तिचे हात फुटले हुते, सायेब. हातोडा धरवत नव्हता. फडकं बांधून जायची. म्हनलं, तेवढी तार इकतो, चार दिस तरी ती घरी बसंल."

"कोणत्या दिवशी तोडली?"

"ती गेली त्याच्या आदल्या राती."

लिहिणाऱ्या शिपायाचा हात थांबला. जमादार खुर्चीत सरळ झाले. त्या माणसाच्या चेहऱ्यावर मात्र काहीच नव्हतं. मला तेव्हा उमगलं की त्याला माहीत नाही. आपण कोणती तार तोडली हे त्याला कळलेलंच नाही. बायको गेल्यावर तारेची चोरी त्याच्या लेखी इतकी लहान झाली होती की ती तो लपवतही नव्हता.

जमादारांनी मला बाहेर बोलावलं. "सायेब, त्याला आपुन कशाला सांगायचं? कबुली दिलीय त्यानं. चोरीचा गुन्हा लावा आन् मोकळे व्हा."

पण जागा दाखवल्याचा पंचनामा केल्याशिवाय ती तार फाटकाचीच होती, हे ठरत नव्हतं. आणि ते ठरल्याशिवाय दवाखान्यातल्या माणसाला कुणी खरं मानणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पंच, जमादार आणि मी त्याला घेऊन लाईनवर गेलो. फाटकापासून बऱ्याच अंतरावरचे खांब त्यानं न चुकता दाखवले. जुन्या काळवंडलेल्या तारांमध्ये तेवढाच एक तुकडा नवा, उन्हात चमकत होता. कारागीर माणूस. आपल्या कामाबद्दल बोलताना त्याला थोडा हुरूप आला.

"वरच्या तारा जोडीनं चालल्यात बगा. ही खालची एकटी. तिला पुढं कुटं जोड दिसंना. म्हनलं, जुनी बंद पडल्याली असंल. म्हनून तीच तोडली. चालू तारंला म्या हात लावला नसता."

खालची तार कुठे जाते हे पंचांना दाखवणं आवश्यक होतं. आम्ही रुळांच्या कडेनं चालू लागलो. तो वर तारेकडे पाहत पुढे चालत होता. फाटकाजवळ आल्यावर ती तार खांब सोडून खाली उतरली आणि फाटकवाल्याच्या खोलीच्या भिंतीत शिरली.

तो थांबला.

"जमादार," तो हलक्या आवाजात म्हणाला, "ही खालची... हितं फाटकात जाती?"

जमादारांनी पंचांना तार भिंतीत शिरते ती जागा दाखवली.

"फोनची हाय?"

जमादारांनी होकाराची मान हलवली.

तो तारेवरून नजर फिरवत मागे, आलो त्या दिशेला पाहत गेला. मग रस्त्याकडे पाहिलं. ट्रकच्या काचांचा चुरा अजून तिथं पडलेला होता. तो तिथंच, रुळांच्या खडीवर बसला. मग तो बोलला, ते बायकोबद्दल नव्हतं.

"म्हंजी फाटकवाला खरं बोलत हुता," तो म्हणाला. "आन् म्या त्याचा हात मोडला."

त्याला चौकीत आणलं. पाणी दिलं, ते घेतलं नाही. पंचनाम्यावर सही करताना त्याला स्वतःचं नाव आठवेना. दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलं.

सुरक्षा आयुक्तांची चौकशी नगर स्टेशनच्या प्रतीक्षालयात चालली. शांत, बारीक आवाजात बोलणारे गृहस्थ. कुणालाही दरडावलं नाही. मी जप्त केलेलं भेंडोळं, कबुली, जागेचा पंचनामा, सगळं त्यांच्यापुढे ठेवलं. ते पाहिल्यावर मास्तरांचा नेहमीचा क्रम पहिल्यांदा चुकला. फोन लागला नव्हता, निरोप दिलाच नव्हता, आणि फाटकावरून उत्तर येत नाही तेव्हा चालकाला सावध करायचं असतं तेही केलं नव्हतं, हे त्यांनी कबूल केलं. मला वाटलं, फाटकवाला सुटला.

मग आयुक्तांनी त्याला बोलावलं. हाताला प्लॅस्टर होतं.

"फोन बंद आहे, हे तुम्हाला सकाळीच कळलं होतं?"

"व्हय, सायेब."

"फोन बंद असेल तर फाटक रस्त्याला बंद ठेवायचं आणि लाईन मोकळी असल्याची खात्री पटल्याशिवाय उघडायचं नाही, हा नियम माहीत होता?"

"माहीत हुता."

"मग का उघडलंत?"

खाली पाहत तो म्हणाला, "म्या लई येळ बंदच ठिवलं हुतं. ट्रक हार्न मारत हुता. बाया वराडत हुत्या, हजेरीचं मस्टर बंद हुईल, आजचा दिस जाईल म्हनून. माजी भन बी असल्याच कामावर जाती, सायेब. म्या दोनी अंगाला बगितलं. धुळीत काई दिसलं न्हाई. गाडीचा टाइम बी नव्हता. म्हनलं, जाऊ द्यावं."

आयुक्तांनी लिहिणं थांबवून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा लिहायला सुरुवात केली.

चौकशी संपल्यावर फलाटावर त्यांनी मला बोलावून घेतलं. "फौजदारसाहेब, तुमच्यामुळे खरं काय ते समजलं," ते म्हणाले. "पण तो नियम अशाच दिवसासाठी केलेला आहे. निरोप घेऊनही फाटक लावलं नाही, हा आरोप आता राहिला नाही. फोन बंद असल्याचं माहीत असून फाटक उघडलं, हा राहिला. मला तो लिहावाच लागेल."

"असल्या फाटकांचं पुढे काय करायचं, साहेब?" मी विचारलं.

"फाटक लागल्याशिवाय गाडीला निघायचा सिग्नल पडणारच नाही, अशी जोडणी करायला हवी. तशी शिफारस मी करणार आहे." ते थोडं थांबून म्हणाले, "शिफारस करणं माझं काम. पैसा आणि माणसं दुसऱ्यांच्या हातात."

ते चुकीचं काही बोलले नव्हते. एकही शब्द मला खोडता आला नसता. मास्तरांना शिक्षा झाली, फाटकवाल्याची नोकरी गेली, त्याच्यावर खटला उभा राहिला. कुटुंबाला फाटकाजवळची खोली सोडावी लागली. आरोपाचं नाव बदललं, त्याच्या आयुष्यात काहीच बदललं नाही.

तार चोरीचा खटला आधी चालला. न्यायाधीशांनी वाइंडिंगवाल्याला गुन्हा कबूल आहे का विचारलं. त्यानं हो म्हटलं आणि हात जोडून पुढे म्हणाला, "सायेब, बायांचं बी माज्यावर लिवा. माज्या मालकिनीचं बी."

न्यायाधीश वयस्कर होते. त्यांनी चष्मा काढला. "माझ्यापुढे फक्त तार चोरीचा खटला आहे," ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "बाकीचं मला बघता येत नाही."

"मग ते कोन बगनार?"

न्यायाधीशांनी चष्मा पुन्हा लावला आणि निकाल लिहायला घेतला. त्याला काही महिन्यांची सजा झाली. ती ऐकून तो जागचा हलेना. एवढीशीच कशी, असा भाव त्याच्या तोंडावर होता. शिपायाला त्याला दंड धरून न्यावं लागलं.

सुटल्यावर तो सरळ माझ्या चौकीत आला. केस पिकले होते. त्याला फाटकवाल्याला भेटायचं होतं. फाटकवाल्याच्या खटल्याची तारीख जवळच होती, म्हणून त्या दिवशी कोर्टात ये, असं मी सांगितलं आणि मीही तिथं थांबलो, पुन्हा काही मारामारी नको म्हणून.

कोर्टाच्या आवारात दोघं समोरासमोर आले. फाटकवाल्याचा हात वाकडाच बसला होता. आता तो बिगारी कामं करायचा, जमतील तेवढी. हा त्याच्या पायांवर वाकला. फाटकवाला दोन पावलं मागे सरला.

"पाया पडू नका," तो म्हणाला.

"माज्यामुळं झालं. म्या तार तोडली. वर तुमालाच मारलं."

"तार तुमी तोडली. फाटक म्या उघाडलं. तुमची मालकीन त्या ट्रकात म्या बगितली हुती, हाताला फडकं बांधल्याली. तिला बगूनच म्या फाटक उघाडलं." फाटकवाल्याचा आवाज चढला नाही. "आता कोन कोनाला माफी देनार? तुमी जावा घरी."

तेवढ्यात पुकारा झाला. फाटकवाला आत गेला. त्याला सजा झाली, हे मला नंतर कळलं. तार तोडणारा मात्र आवारात तसाच उभा होता. मी त्याला चहाला चल म्हटलं. तो आला नाही.

त्याच आठवड्यात त्याच लाईनवर, थोड्या पुढच्या खांबांवरून पुन्हा तार चोरीला गेली. आम्ही गुन्हा दाखल केला. शिफारशीचा कागद कुठवर गेला हे मला कळलं नाही. माझी बदली होईपर्यंत ते फाटक हातानंच उघडत होते आणि लावत होते.

या केसनं काय शिकवलं, असं लिहायची पद्धत आहे. मी तोवर असं मानत होतो की खरं बाहेर आलं की निदान एका माणसाचं भलं होतं. म्हणूनच आपण खाकी घालतो. इथं मी खरं बाहेर काढलं, पूर्ण, कुणालाही शंका घेता येणार नाही असं. ज्याला वाचवायचं होतं तो वाचला नाही. आणि ज्याला निदान दुसऱ्या कुणाचा तरी राग करून जगता आलं असतं, त्याच्याकडून तेवढा रागही मी काढून घेतला. पुढेही नोकरीभर गुन्हे उघडकीला आणले. चौकीत पेढे वाटले जायचे. मी माझा पेढा शिपायाच्या हातावर ठेवून लाईनवर फिरायला निघून जायचो.